सत्तर रुपयांची तर

मोतीबिंदूची पट्टी निघाली मंगळवारी,
पुढची तारीख गुरुवारची.
मधला बुधवार बापसाच्या हातात मोकळा
आणि दवाखान्यात मला सुट्टी.
म्हणाला, तुझं शहर दाखव, स्वस्तात.
स्वस्तात हे दोनदा म्हणाला.

धायरीच्या थांब्यावर दिवसाचा पास काढला,
माणशी सत्तर.
काळा चष्मा कपाळावर चढवून
त्यानं तो मागून-पुढून वाचला.
"कितीही वेळा अलीकडं-पलीकडं?"
कितीही वेळा.
"मग ह्यांचा मालक बुडणार."
चाळीस वर्षं करंजा-रेवस तर चालवलेला माणूस.
टोपलीचे वेगळे घ्यायचा,
शेळीचे अर्धे,
बाळंतिणीचे नाहीच.

उतरायच्या आधी त्यानं वाकून
पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.
बा, इथं चिखल नाही.
"हो," म्हणाला, आणि दुमडलेलीच ठेवली.

लकडी पुलावर बस रेंगाळली.
"लाकूड कुठाय?"
नुसतं नाव उरलंय, म्हटलं मी.
तो खिडकीतून पार बाहेर झुकला,
"कुठाय?"

डेक्कनला उतरून भिडे पूल दाखवला.
धरणातून सोडलं की हा पाण्याखाली जातो.
इथली भरती चंद्र नाही ठरवत,
पाटबंधारे खातं ठरवतं, क्युसेकमध्ये,
पेपरात छापून येते.
"बरंय की," बापूस म्हणाला,
"चंद्राकडं तक्रार कुठं करणार?"

मनपाहून सुटलेल्या बसमध्ये डबा उघडला,
भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी.
पुढच्या सीटवरल्या बाईंनी
न बोलता काच सरकवली.
त्यानं त्यांनाही विचारलं, घेता का थोडी?

संगम पूल. बंड गार्डन. मग उलटं फिरून दापोडी.
प्रत्येक पुलावर तो बोलायचा थांबे,
पाणी संपलं की पुढचं वाक्य.
येरवड्याकडं जाताना जलपर्णीवर बगळा चालत होता,
खाली फेस, वर वास.
वासाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.
"खोली किती?" एवढंच.
मी कंडक्टरला विचारलं, त्यानं ड्रायव्हरला.
ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला,
"कुणी मोजली नाही हो काका."
त्यावर मात्र बापूस नाराज झाला.
रस्ता रोजचा, आणि खोली ठाऊक नाही!

संध्याकाळी मुंढव्याच्या पुलावर, गर्दीत उभ्या-उभ्या,
त्यानं मला सांगितलं
की लाँच दिली. दिवाळीच्या आधी.
भंगारवाला आला, वजनावर नेली,
इंजिनाचे वेगळे लावले.
आईला माहीत आहे?
उत्तर आलं नाही, पूल अजून संपला नव्हता.

शेवटच्या बसला कंडक्टर नवा होता, पोरगेला.
"कुठं जायचं, आजोबा?"
"पलीकडं."
तो हसला. पास बघितला. पुढं सरकला.

नऊ वेळा नदी ओलांडली आम्ही त्या दिवशी,
दोघांचे मिळून एकशेचाळीस,
शेंगदाण्यांचे वीस.
धायरीचा थांबा जवळ आला,
तो वाकला, पँट दुमडू लागला,
आणि मला कळायच्या आत
मीही सलवार घोट्यावर उचलून धरली होती,
दुसऱ्या हातात चपला.