बटवडा

हिउमा बेटावरची आमची टपालकचेरी बंद झाली
तेव्हा तराजू मी मागून घेतला.
वजनं नव्हती, ती आधीच कुणीतरी नेली होती.
एकतीस वर्षं बटवडा केला मी इथे.
आता त्यात कांदे ठेवते.

पण सांगायचं होतं लेईडाचं.
ती आमच्या गायकवृंदाची चिटणीस.
सगळा पत्रव्यवहार तिच्या एकटीच्या खात्यात:
बारा वर्षांच्या स्वरलिप्या, बोटीची तिकिटं,
कोण आजारी, कोण रुसलंय, का.
मार्चमध्ये गेली, बर्फ वितळायच्या आत.
कंपनी म्हणाली, तिच्या फोनवर आकडा पाठवलाय, तेवढा सांगा.
फोन तिच्या कोटाच्या खिशात.
कोट तिच्या अंगावर.

मी म्हटलं, पेटी आपली हवी.

भाचा काउपो तालिनहून जुना संगणक घेऊन आला,
कोठीत काकडीच्या बरण्यांशेजारी मांडला
आणि म्हणाला, आता निवड, मावशी. सगळं फुकट आहे.
फुकटातलं निवडायला तीन रात्री लागल्या.

एक होतं सगळं एकाच पेटीत:
टपाल, पंचांग, वहीखातं, वर रंगीत दार.
भाड्याच्या सजवलेल्या घरासारखं;
गळायला लागलं तर कुठली भिंत फोडायची?
एक होतं, त्याला सगळंच जमायचं,
म्हणून ते सगळंच विचारायचं.
एक फार देखणं, नेटकं, मला आवडलेलं.
काउपोनं दाखवलं, त्याच्या राखणदाराचा शेवटचा हात
सहा वर्षांपूर्वीचा.
पडदे स्वच्छ, धुराडं गार.
अशा दारात मी पाकीट टाकत नसे,
परत आणायचे.

शेवटी पोस्टफिक्स.
काउपोनं कागदावर आतली माणसं काढून दाखवली:
एक दारात उभा, पिशवी घेतो, आत पाऊल टाकत नाही.
एक पत्ते लावतो. एक गावातलं देतो, एक बाहेरचं.
कुणाकडेच सगळ्या किल्ल्या नाहीत.
मी म्हटलं, अरे, ही तर आमची मागची खोली.
फक्त सेंटाची खोकला-गोळ्यांची डबी नाही.
पत्रं सांभाळायला डवकॉट घेतलं,
त्याची कारणं काउपोला ठाऊक, मी होय म्हटलं.

आतलं लिखाण मला वाचता येत नाही, ओ का ठो नाही.
पण वाचू पाहणाऱ्याला वाचता येतं.
आमच्या खिडकीलाही काच होती.
लोक बघत नसत. काच होती.

मग खरं काम. पंचवीस क्रमांकाचं दार
इंटरनेटवाल्यांनी बंद ठेवलेलं, चार फोन.
उलटा पत्ता हवा: नावावरून आकडा सापडतो,
आकड्यावरून नाव सापडलं पाहिजे.
त्याला नऊ दिवस.
प्रत्येक पत्रावर सही, ती खरी की खोटी
हे ताडायचा नमुना जगासमोर टांगलेला.
बिनतिकिटाची पत्रं मी आयुष्यभर पकडली;
आता बिनतिकिटाची मीच.

पहिलं पत्र कुणाला, हे मी काउपोला सांगितलं नाही.
लेईडाच्या जुन्या पत्त्यावर लिहिलं, एक ओळ.
वाटलं, परत येईल.
आमच्याकडे त्यासाठी जांभळा शिक्का होता.
ते परत आलं नाही.
नोंदवहीत लिहिलंय: स्वीकारलं.
कुणी, ते लिहिलेलं नाही.

दुसरं आइनोला, मंगळवारच्या तालमीचं.
मंगळवारी ती आली नाही.
बुधवारी सायकलवर आली, वाऱ्यानं लाल झालेली,
फोन नाकासमोर धरून:
तुझं पत्र माझ्याकडे कचऱ्यात होतं, लॉटऱ्यांच्या मधे!
मी म्हटलं, काढलंस?
म्हणाली, काढलं. आता कॉफी टाक.

रात्री वीज गेली. बरण्यांशेजारचा दिवा विझला.
म्हणे बाहेरची पत्रं ज्याच्या त्याच्या दारात थांबतात,
पुन्हा पुन्हा येऊन बघतात, चार-पाच दिवस तरी.
आमचा यूर्गेन दोनदा दार वाजवायचा
आणि चिठ्ठी लावून निघून जायचा.
मी अंधारात कोठीत उभी राहिले थोडा वेळ,
उगाच.