दोन मायक्रॉन

ड्रॉइंगवर गिऱ्हाईकाचं नाव नव्हतं.
नुसता नंबर, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात:
सर्व मापे वीस अंश सेल्सिअसला.
टायटॅनियमची कडी, बाहेरून चाळीस मिलिमीटर,
कसल्याशा झाकणाची.
कसलं झाकण, हे उद्यमबागेत कुणी विचारत नाही.

मोनाप्पानं दोन कड्या काढल्या.
डाव्या कानानं बहिरा,
उजवा कान लेथला लावून उभा राहणारा माणूस.
चीप निळी निघाली की कानडीत शिवी,
लख्ख निघाली की गप्प.
एक मी पास केली.
दुसरी दोन मायक्रॉननं मोठी.

दोन मायक्रॉन म्हंजे किती गं?
एका केसाच्या उभ्या पस्तीस चिरा करा, मामा,
त्यातली एक.
परत चढवतो, हात फिरवतो, म्हणाला.
नियमात नव्हतं ते.
उतरलेली कडी परत चकवर चढत नाही.
तीन दिवस बोलला नाही माझ्याशी.
चौथ्या दिवशी रिजेक्टच्या पेटीतनं ती उचलली,
साहेबांची सही घेतली, मच्छेला नेली
आणि पारडीच्या दाव्यात ओवली.

पहिली कुठं गेली ते सात वर्षांनी कळलं.
सदलगेसाहेब कुंद्याचा डबा घेऊन आले,
म्हणाले, परत येणाराय.
मोनाप्पा तोवर रिटायर.
पारडीची म्हैस झालेली, तिसऱ्या वेताची.

डिसेंबर. पहाटेचे साडेचार.
मोनाप्पाच्या अंगणात पिंजराच्या भाऱ्याला टेकून मोबाईल.
इंग्रजी बाई बोलायची,
नातू विघ्नेश त्याचं कानडी करायचा,
त्याची आई शेवंता त्याचं मराठी, सासऱ्याच्या उजव्या कानात.
तिथवर पोचेतो
पडद्यावर पुढचंच काहीतरी घडलेलं असायचं.

सेकंदाला बारा किलोमीटर.
म्हंजे इथनं खानापूर?
दोन सेकंदसुद्धा नाही.
मग एक रेघ, काडी ओढल्यासारखी,
दुसऱ्याच कुठल्या देशाच्या आभाळात.
आमच्या डोक्यावर धुकं, आणि हायवेवरचा एखादा ट्रक.

मग बराच वेळ काहीच नाही.
ती बाईसुद्धा गप्प.
छत्री उघडली तेव्हा विघ्नेश ओरडला, कुठल्या भाषेत ते आठवत नाही.

आत काय हाय? माती.
किती? चमचाभर.
शेवंता हसायलाच लागली.
एवढ्या लांबनं चमचाभर? आणि जमीन कुणाची?
मोनाप्पा म्हणाला, कुणाची असणार,
ना सातबारा, ना पहाणी.
त्यावर तोच जरा वेळ दूर बघत राहिला.

वाळवंटात पांढऱ्या कपड्यातली माणसं
वाकून वाकून त्या काळ्या डब्याकडं चालली होती.
आमची कडी दिसणं शक्यच नव्हतं.
तरी म्हाताऱ्यानं चष्मा पुसला.
उतरली काय?
उतरली, मामा.
आता कोण बघणार तिला?
बघतील. परत माप घेतील. किती झिजली, किती भाजली.
किती येईल?
काय सांगू? मी कुठं आहे तिथं?

तेवढ्यात म्हशीनं मान हलवली
आणि दाव्यातली कडी वाजली.
मी सहज हात लावला.
सात वर्षांचं शेण, मूत, पाऊस,
आणि एक ठिपका नाही गंजाचा.
फक्त गार. बोटाला चिकटेल इतकी गार.

मोबाईलवर कोपऱ्यात चौदा अंश.
वीसला सहा कमी.
चाळीस मिलिमीटर, सहा अंश, टायटॅनियम.
हिशेब सवयीनं होतो, थांबवता येत नाही.
आकुंचन: दोन मायक्रॉन,
आणि वर अगदी थोडंसं.

मामा, म्हटलं, ही आत्ता बसली असती.
त्यानं उजवा कान पुढं केला.
मी परत सांगितलं.
त्यानं कडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
आता सांगूलालीस होय गं?

शेवंता चहा टाकायला आत गेली.
सात-साडेसातला ऊन गोठ्याच्या पत्र्यावरनं खाली येतं,
आधी म्हशीच्या पाठीवर, मग दाव्यावर.
तोवर बरोबर आहे ती.