अवधाण

पायात काटा रुतला की जांघेत येतं ते अवधाण.
लढाई तळव्यात, छावणी वर.
आपल्या बोलीत एवढं ठरलेलं आहे.
पण हेल्युच्या पायात काटा नव्हता,
दाढाही शाबूत,
आणि तार्तूत नोव्हेंबर होता.

एकेचाळीस वर्षं व्हायोला एकाच जागी टेकायची,
डाव्या जबड्याखाली, जिथे लाकडानं
तपकिरी घट्टा पाडलाय.
त्या सोमवारी ती बसेना.
आधी तिनं लाकडाला दोष दिला, मग हवेला,
हनुवटीच्या पट्टीचा स्क्रू दोनदा पिळला.
मग बोट लावलं.
वाटाण्याहून मोठं, बोराहून लहान.

सर्दीचं असेल, बासूनवाला अर्वो म्हणाला,
माझ्या नातवाच्या गळ्यात तर दर हिवाळ्यात
माळच असते.
शेजारच्या लाइनेनं कोबीचं पान बांधायला दिलं.
पंधरा दिवस उशीला कोबीचा वास
आणि गाठ तिथेच.
हेल्यु मात्र उतरली.
स्कर्टला पिन लावावी लागली,
ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर रीनानं डोळे मिटून
चार बोटं फिरवली,
कानामागे, गळ्याच्या हाडावर, काखेत,
कुठली तार उतरलीय ते चाचपावं तशी.
रात्री घाम येतो? मांजर आहे?
घरात कुणाला क्षय?
आईला होता. सैबेरियातून आणलेला.
तिच्याही मानेवर खळगा होता,
ती उन्हाळ्यातसुद्धा स्कार्फ सोडायची नाही.
दुखतं का?
नाही, हेल्यु म्हणाली, जवळजवळ अभिमानानं,
जरासुद्धा नाही.

डॉक्टरचं बोट तिथेच थांबलं.
अवधाणाचं अवधान झालं.

दुखलं असतं तर बरं,
हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.
मऊ, हलती, ठणकणारी असली
तर बहुधा पहारेकरी जागा आहे.
न दुखणारीला
सुईनं विचारावं लागतं.

विचारून झालंय. उत्तर गुरुवारी.
क्षयच निघू दे, असं हेल्यु
भांडी विसळताना मनात म्हणते
आणि दचकते.
आईचं दुखणं. सहा महिने गोळ्या.
चालेल. अगदी चालेल.

बुधवारी तालीम.
ओबोनं सूर दिला, सगळे जुळवू लागले.
तिनं पट्टीवर फ्लॅनेलची घडी ठेवली,
व्हायोला बोटभर खाली सरकवली.
आज आवाज वेगळा लागतोय तुझा,
अर्वो मागून म्हणाला.
जागा बदललीय, ती म्हणाली,
आणि गज उचलला.