बडग्या

जगनाथ बुधवारीत, आमच्या अंगणात
पोळा आठवड्यावर आला की बांबू चिरला जातो.
डोमाजी, माझा बाप, काड्या तासत बसतो.
आई गेली त्या सालापासून
खोकल्याचा बडग्या तो एकटाच बांधतो,
नाकातून लाल कागदाची धार सोडलेला.

त्या साली मेडिकलच्या वॉर्डात
आईच्या श्वासाला शिट्टी होती
आणि तापाला डुकराचं नाव.
मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला.

आता वर्धा रोडवर, तिसऱ्या मजल्यावर
मीही सांगाडेच बांधते.
बांधते म्हणजे काय,
पतंगाच्या अळीच्या पेशी ढवळत ठेवते
सत्तावीस अंशांवर
(खिडकीबाहेर मे, सत्तेचाळीस).
त्या तीन प्रथिनं विणतात,
प्रथिनं एकमेकांना धरतात
आणि फ्लू उभा राहतो,
काट्यांसकट, हुबेहूब.
फक्त आत कुणी नाही.

हे बाबाला सांगितलं तेव्हा
त्याची सुरी थांबली.
"आतमंदी काय भरलं?"
काहीच नाही.
"सुतळी?"
तीही नाही.
"मंग उभा कसा राह्यते?"

इतका नेमका प्रश्न
मला मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता.

पहिल्या खेपेला उंदरांनी दखलच घेतली नाही.
तीन आठवड्यांनी प्लेटच्या खळग्यांत
कोंबड्याचं रक्त जाळीसारखं पसरलेलं.
हवा होता तळाशी ठिपका, टिकलीएवढा.
"ढोल नोता ना, बाई," बाबा म्हणाला,
"मुकाट्यानं बडग्या नेला
त कोन येते घराबाह्येर?"

मग आणलं ते तेल, शार्कच्या यकृतातलं,
कुठल्याच बाजूला समुद्र नसलेल्या या गावात
बोटभर बाटलीतून.
पाण्यात फेटलं की दुधासारखं होतं.
सुईच्या जागी ते नुसता गलका करतं,
पहारेकरी धावत येतात
आणि आल्यावर त्यांना तोंड दिसतं,
लक्षात ठेवायचं ते तोंड.

हे त्याला दोनदा सांगावं लागलं, ओरडून.
चाळीस वर्षं ढोलाशेजारी चालून
डावा कान गेलाय त्याचा.
अहवालात मी असं लिहीत नाही,
पण म्हाताऱ्या रक्तालाही ऐकू कमीच येतं.
ढोल खरा त्यांच्यासाठीच.

गुरुवारी ठिपके दिसले.
एक, मग शेजारचा, मग अख्खी ओळ.
मी जिन्यात जाऊन बसले,
हातमोजे काढायचे राहूनच गेले.

"मले टोच मंग."
अजून नाही, बाबा.
उंदीर झाले, आता फेरेट, मग कागद,
मग कागदांवर कागद, मग माणसं.
तोवर फ्लू तोंड बदलेल,
मुखवटा नव्यानं करावा लागेल.
"त्यात काय. आमचा बी दरसाली जयतेच."

मारबतीच्या दिवशी गर्दीत
कुणीतरी तोंडावर हात न धरता शिंकलं.
पिवळी पुढे गेली, काळी पुढे गेली,
रोगराई घेऊन जा म्हणत लोक घसा फोडत होते.
आमचा बडग्या मागे, हलका, डुलत.

शहीद चौकात त्याचा खांदा निखळला.
वाकून पाहिलं तर
आत एकही गाठ नव्हती.
काडीत खाच, खाचेत काडी,
नुसत्या एकमेकींना धरून.

बाबा दुसरीकडे बघत होता.

तिथून जाळायच्या जागेपर्यंत
तो खांदा मी हातानं धरून चालले.