घसा

रविवारच्या शाळेत आत्मा शिकवला तेव्हा
बाईंनी फळ्यावर एक पेटी काढली होती
आणि पेटीत पांढरं पाखरू.
पुढं मेकोसाबागेच्या कब्रस्तानावरून जाताना
कितीतरी वर्षं मी वर बघत चालले.
वायरींवर पारवे होते फक्त.

खंडारे सर म्हणाले, पाखरू विसर.
गड्डीगोदामातली त्यांची खोली, मे महिना,
कूलरमधल्या वाळ्याचा ओला वास,
ड्यूटी संपवून आलेले आम्ही पाच जण.
उजवीकडून डावीकडे एक शब्द लिहिला त्यांनी. नेफेश.
"आपण याला आत्मा म्हणतो.
त्यांच्या तोंडी आधी घसा.
माठापर्यंत पोचेस्तोवर कोरडा पडतो, तोच.
तहान तुलाच लागते, तबीथा,
तुझ्यात भाड्यानं राहणाऱ्या कुणाला नाही."

उत्तम शुक्रवारी पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे,
वधस्तंभावरची ती तहान आपल्या तारणाची होती.
असेलही.
पण सर म्हणाले, आधी पाण्याची होती.
त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा गळा दिसला,
गिळताना हलणारा.

मी नर्स. चौदा वर्षं घशात नळ्या घालते,
चिकट पिवळं ओढून काढते,
आणि शोधत होते तारांवर.

नंतर ऐकण्याचा धडा.
त्यांच्या भाषेत, सर म्हणाले,
ऐकणं आणि पाळणं असे दोन कप्पे नाहीत.
मला आईच आठवली, चुलीपाशी ओरडणारी,
"कवाची सांगून राह्यली, ऐकत काहून नाही तू?"
ऐकलं तर होतं मी. उठले नव्हते.
सर खूप हसले,
म्हणजे तुमच्या घरी हिब्रूच चालायची.

आणि काळाचा.
त्यांचा भूतकाळ समोर असतो, दिसतो म्हणून.
येणारं सगळं पाठीमागं.
हे काही डोक्यात शिरेना,
मग सदरहून ई-रिक्षात मागच्या सीटवर बसले,
उलटी, पाय बाहेर,
आणि गेलेली दुकानं समोर लहान होत गेली.
वळण कुठं आहे ते चालवणाऱ्याला ठाऊक.
मी दांडी धरून.

नवतपाच्या सहाव्या रात्री
सरांना आमच्याच दवाखान्यात आणलं.
घशात नळी. ती मीच बांधली.
दीड वाजता लाइट गेली,
मशीनची बॅटरी किंचाळून बंद पडली,
खाली जनरेटर खोकत राहिला, लागेना.

मी फुगा हातात घेतला. दाब, सोड. दाब, सोड.
प्रार्थना सुचली नाही एकही.
विश्वास आहे का, असं बाप्तिस्म्याच्या वेळी विचारलं होतं
आणि मी फाडकन होय म्हटलं होतं,
पाठ केलेलं.
आता बोटं बधिर होऊ लागली तेव्हा
डोंगरावरचा तो म्हातारा आठवला,
दोघांनी ज्याचे हात सूर्य बुडेपर्यंत धरून ठेवले.
सरांनी सांगितलं होतं,
एमुना हा शब्द त्या हातांसाठीही आलाय.
डोक्यातलं मत नाही, न ढळणारा हात.
आमेनही त्याच मुळातला.

वॉर्डबॉय मेश्राम आला,
गळ्यात निळ्या दोऱ्यात अशोकचक्र,
काही न विचारता माझ्या कोपराखाली
आपला तळवा ठेवून उभा राहिला.
मोबाइलचा उजेड दातांत धरून.
पन्नास मिनिटं.
विश्वासातला श्वास मी आधी कधी
वेगळा काढून पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी नळी निघाली. आवाज नव्हता.
सरांनी माझा हात ओढून घेतला
आणि तळव्यावर बोटानं काही लिहू लागले,
उजवीकडून डावीकडे.
मी वाकले, काहीतरी मोठं असणार म्हणून.
तीन अक्षरं. तोच पहिला शब्द.
मग त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

मी कापूस बुडवला, पिळला,
त्यांच्या ओठांवर टेकवला.

ऐकलं, सर.