पत्ता पडताळणी

मे महिना, दुपारचे दोन.
जरीपटक्याच्या गल्लीत गाडी डबल स्टँडवर लावून
मी घराचा नंबर शोधतो.
बँकेच्या कागदावर नाव, पत्ता
आणि कोपऱ्यात एक आकडा :
सिबिल आठशे बेचाळीस.

नऊ वर्षं हेच करतोय.
दार उघडायच्या आधीच आता थोडंफार कळतं.
आठशेच्या पुढच्या घरांची बेल वाजते.
कूलरची खस यंदाची असते,
कूलर मात्र पोरीच्या बारशातला,
आणि पोरगी आता पुण्यात नोकरीला.
विजेचं बिल मागितलं
तर कुणी शोधाशोध करत नाही.

लोकांना वाटतं, ही श्रीमंत माणसं असतील.
खेमचंद तुलसवानींच्या बेकरीला एकच शटर,
तेही खालून गंजलेलं.
मेयोतल्या वनमाला रामटेके सिस्टर,
नाईट करून आलेल्या, डोळे लाल,
कार्डाची मर्यादा दीड लाख
आणि त्यावर महिन्याला काय,
तर एक सिलिंडर आणि सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या.
मी म्हटलं, मग येवढं मोठं कार्ड ठेवता काऊन?
म्हणाल्या, जुनं आहे ना भाऊ.
बारा वर्षं झाले. माणसं टिकत नाहीत येवढी.

गोळीबार चौकाजवळ पुंडलिक नंदनवार.
आधी हातमाग गेला, मग पॉवरलूम,
आता साड्यांना फॉल-पिको.
मशीनचा हप्ता पाच तारखेचा.
भरतात दोनला.
साठातले साठ हप्ते, सगळे दोनला.
मी सहज विचारलं, पाचला काय होते काका?
पाचला काही होत नाही, ते म्हणाले,
म्हणूनच तं.

मग बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिले.

"आमच्या बापाकडे एक जण ये.
सायकल स्टँडवर लावे. खाट्कन.
आवाज चढवत नव्हता, शिवी नाही, काही नाही,
ओट्यावर बसे नुसता.
शेजारचे विचारत, पाव्हणे आले का?
माय आम्हाले म्हणे, जा रे, खेळाले जा.
दिवेलागणीलोक बसून राहे.
चहा दिला तं घे, बशीत ओतून, फुंकून फुंकून.
ते पैसे फिटले कवाचेच.
तो मानूसबी गेला.
पण एक तारीख उलटली का मले
स्टँड आयकू येते."

तेव्हापासून प्रत्येक आठशेच्या घरात
मी ती सायकल शोधतो.
तुलसवानींना विचारलं, पहिलं कर्ज कधी घेतलंत,
तर त्यांची बायको पदर सारखा करून आत निघून गेली.
सिस्टर म्हणाल्या, लग्नाच्या आधी एकदा आमच्याकडे...
आणि गॅस बारीक करायला उठल्या.
परत आल्या ते आधार कार्ड घेऊन.

शिस्त, नियोजन, वेळेचं भान.
बँकेच्या पत्रकात छापलेलं असतं सगळं,
हसऱ्या कुटुंबाच्या फोटोखाली.
ओट्याबद्दल त्यात काही नसतं.

माझा स्वतःचा सहाशे अकरा.
मेहुण्याच्या मालवाहू रिक्षाला जामीन राहिलो होतो,
रिक्षा कळमन्याला कुठेतरी उभी आहे म्हणतात,
मेहुणा कुठे आहे ते कुणी म्हणत नाही.
माझा हप्ता सातचा. आज सहा.

शेऱ्याच्या रकान्यात बोटभर जागा असते.
मी लिहितो :
पत्ता बरोबर. व्यक्ती घरी भेटली.

पुढचं घर मानेवाड्याला. आठशे सात.
फाटकाच्या दोन घरं आधीच
मी इंजिन बंद करतो,
गाडी हातानं ढकलत नेतो,
आणि साइड स्टँड
पायानं हळूच,
अगदी हळूच, खाली सोडतो.