राखेतला पाय

कोंबड्या सोडायच्या आधी, अंधारात
मी दारोदार फिरते.
खांद्याला थर्मास, थर्मासात बर्फ,
बर्फात बोटाएवढी बाटली.
औषध एकदा कालवलं की दोन तासांत
शंभर डोळ्यांत शंभर थेंब पडायला हवेत.
आमच्या टोलीत कोंबड्या चौसष्ट.
म्हणून नाल्यापलीकडची घरंही उठवते.
कुत्री मला ओळखतात.
माणसं अजून कुरकुरतात.

रायवंता निकुरेच्या खुराड्यापुढे राख पसरलेली,
मीच सांगितली होती, उवा-पिसवांसाठी.
बॅटरी मारली.
तीन बोटं, स्पष्ट.
मग एक फराटा.
तीन बोटं. फराटा.
कोणीतरी एका पायावर वजन टाकायला भीत होतं.

"कवडी लंगडून राह्यली जी कालपासून.
कापून टाकू का? जावई येऊन राह्यला."

कवडी काखेत घेतली.
तिचं काळीज माझ्या बरगडीवर टकटक.
डोळे उघडे. श्वासात घरघर नाही.
शेपटीखालची पिसं कोरडी, हिरवं काही नाही.
दोन्ही पाय धरून ओढले,
दोन्ही पायांनी तिने लाथ मारली.
लाथ मारणारा पाय मला आवडतो.
तलंग पडून राहते,
एक पाय पुढे ताणलेला, एक मागे,
जशी चालता चालता तिथंच थिजली,
तेव्हा माझ्या पिशवीत तिच्यासाठी काही नसतं.

तळवा उलटा केला.
मधोमध काळी खपली, तुरीच्या दाण्याएवढी,
भोवती सूज, हाताला गरम.
"माची किती उंच केली?"
रायवंताने हात डोक्यावर नेऊन दाखवला.
"खाली घे. कंबरेच्याही खाली.
रोज उतरतानी आदळते ते.
आणि जावयाले वरण-भात कर."

मिठाचं कोमट पाणी, आयोडीन,
तिच्याच लुगड्याची चिंधी.
आठवडाभर डालग्याखाली, कोरड्या तणशीवर, एकटी.
रोज चिंधी बदलायची.
कवडीने माझ्या मनगटावर चोच मारली.
रायवंता हसली. मीही.

निघताना चपला चुन्याच्या पाण्यात बुडवते.
पोरं म्हणतात, देवळात जातानी तं एवढी धुवत नाही.
म्हणू देते.

परसाल, शिमग्याच्या सुमारास,
झिंगराबाईच्या अंगणात एक कोंबडा
मान पाठीवर टाकून, आभाळाकडे बघत
गोल गोल फिरत होता.
मानमोडी, मी म्हटलं. मोठ्या शहाणपणाने.
मग त्याच चपलांनी पुढची सात घरं केली.
पंधरा दिवसांत सातही खुराडी रिकामी.
पहाटे गावात आवाज नव्हता,
लोक उशिरा उठू लागले.
मला कोणीच बोललं नाही.
वाराच तसा होता, म्हणाले.
वारा नव्हता.
सहा नंबरची निळी चप्पल होती.

उजाडलं तेव्हा वळणावर धनपाल भेटला.
आज बाजार.
हँडलला तीन कोंबड्या उलट्या टांगलेल्या.
दोघी फडफडत होत्या.
तिसरीचे डोळे मिटलेले, चोचीतून तार लोंबत होती.
मी हात लावला नाही. हँडल धरलं.

"मेल्यावर कोण घेते, ताई?"
"जिवंतपणी घेईल तो घरी नेईल ना.
त्याच्याही घरी खुराडा आहे."
"मंग मी का करू?"
"एकीले पुर. हातभर खोल, वरून चुना.
दोघींले वेगळं ठेव. मी येतो दुपारी."

तो काही बोलला नाही.
मीठ, तेल, पोरीची वही,
असं काहीतरी तो मनात मोजत असावा.
माझ्याकडे त्याला द्यायला फक्त चुना होता.
थर्मासात बर्फाचा आवाज बदलला,
खडे राहिले नव्हते, पाणी झालं होतं.
बत्तीस कोंबड्या बाकी.
मी हँडल सोडलं.

त्याने सायकल वळवली.
घराकडे नाही, बाजाराकडेही नाही,
नाल्याच्या उताराला.
तिथली माती मऊ आहे, खड्डा लवकर होतो.
आणि नाल्याच्या काठाकाठाने
बाजाराला एक पायवाट जाते,
तेही मला माहीत आहे.

दवाने भिजलेल्या धुळीत
चाकाची रेघ उमटली होती.
वाचत बसायला वेळ नव्हता.
पुढच्या दाराची कडी वाजवली.